जमिनीवर बसलेली बाई

माझी जुळी तिसऱ्या डोसाला मेली, आणि ती मेली म्हणून माझं औषध बंद झालं.

तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ती मिरजेतल्या आमच्या दवाखान्याच्या संगणकात राहायची. नाव माझंच, शालन चौगुले. वय माझं, वजन माझं, आजारही माझाच. डॉक्टर मुजावर मॅडमनी तिच्या मरणाची बातमी मला हळू आवाजात सांगितली, जवळच्या नातेवाइकाला सांगावी तशी.

"मेली म्हंजी?" मी विचारलं.

"म्हणजे तिसरा डोस तुमच्या शरीराला झेपणार नाही, असं दिसतंय."

"माझ्या शरीराला का तिच्या?"

माझा मुलगा धैर्यशील शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याच्या हातात दवाखान्यानं दिलेलं गुळगुळीत कार्ड होतं. त्यावर हिरव्या अक्षरांत 'आरामाचा मार्ग' असं छापलेलं. म्हणजे केमो नाही, तपासण्या नाहीत, दुखलं तर गोळी, आणि बाकी देवाची इच्छा.

मी एसटीत कंडक्टर होते. आंबा घाटात गाडी वळताना कशाला हात न लावता तिकिटं दिलेली बाई मी. भरल्या गाडीत दारू पिऊन दंगा करणाऱ्याला कॉलर धरून खाली उतरवलेलं आहे. आणि आता जन्माला न आलेली एक बाई मलाच मधल्या स्टॉपवर उतरवायला निघाली होती.

ही जुळीची भानगड आधी नीट सांगते, कारण मला ती समजून घ्यायला बराच वेळ लागला.

माझ्या आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली होती. पण एखादी चुकार पेशी अंगात कुठंतरी दडून बसलेली असू शकते, तिला मारायला सलाईनमधून केमो देतात. पूर्वी उंची-वजन बघून डोस ठरवायचे. मग व्हायचं काय, की एकाच वजनाची दोन म्हातारी माणसं, एक औषध पचवून घरी जाऊन भाकरी खायचं आणि दुसरं तापानं फणफणून अतिदक्षता विभागात. फरक होता मांसाचा. अंगावर मांस किती आणि चरबी किती, यावर औषध कुठं पसरतं, किती रेंगाळतं ते ठरतं. वाळलेल्या दंडामांड्यांच्या माणसाला तोच डोस जास्त जहरी पडतो. शिवाय स्नायू काही नुसते उचलाउचलीचे हमाल नाहीत. ते हलले की रक्तात अशी द्रव्यं सोडतात, जी सूज आवरतात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींना जागं ठेवतात. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी जुळी काढली. तुमचं स्कॅन, तुमचं रक्त, आणि मांडीवर चिकटवलेली बोटभर पट्टी. तुम्ही कसे उठता, कसे चालता, कधी थांबता, हे ती पट्टी सारखं पाठवत राहते. त्यावरून संगणक तुमच्यासारखं वागणारं एक शरीर तयार करतो. डोस आधी त्या शरीराला. ते तगलं तर तुम्हाला.

मला हे आवडलंच होतं. आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी आधी विष चाखून बघणार, यात वाईट काय? पहिले दोन डोस आम्ही दोघींनी बरोबरीनं पचवले.

मग धैर्यशीलचे फोन सुरू झाले. पट्टीचा निरोप त्याच्या मोबाइलवर जायचा. तो ऑफिसातून घाबऱ्याघुबऱ्या फोन करायचा.

"आई, पडलीस?"

"न्हाई रं. पालक निवडत बसलीया."

"खरं सांग."

"आता पालकाची शपथ घेऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तरी तेच. हळूहळू त्याचा आवाज बदलला. आधी काळजी होती, मग संशय आला. एकदा तो घरी आल्यावर माझ्या कोपरांना, गुडघ्यांना खरचटलंय का ते बघायला लागला. मी लपवते आहे, अशी त्याची खात्री पटली होती. पोटचा पोरगा आपल्याला खोटारडी समजतो हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी केमोची मळमळ परवडली म्हणावंसं वाटतं. मी भांडले. मग भांडायचा कंटाळा आला.

त्यानं घर वर उचललं. दुसरा शब्द नाही. माझी गादी गेली, उंच कॉट आली. न्हाणीघरातला पाट गेला, प्लास्टिकची खुर्ची आली. संडास बदलला. जेवायला टेबल आलं. सून गौतमी कॉलेजात रसायन शिकवते, पोरगी गुणी, पण तिनंही भाजीची टोपली माझ्या हातातून काढून घेतली. पाण्याचा तांब्या हातात मिळायला लागला. "आई, तुम्ही हलू नका." आमच्याकडं आजारी माणसावर प्रेम करायची एकच रीत आहे, त्याला हलू द्यायचं नाही. जेवढं प्रेम जास्त, तेवढं माणूस जागच्या जागी. मीही सासूचं असंच केलं होतं, त्यामुळं तोंड उघडायला जागा नव्हती.

पावसाळा संपत आला तोवर माझ्या मांड्या चिंध्यांसारख्या लोंबायला लागल्या. आणि मग जुळी मेली.

"यातून काही मार्ग?" धैर्यशीलनं मॅडमना विचारलं.

"कुणाला औषध द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीची दसऱ्याआधी बैठक आहे. तोवर पट्टीवरची ताकद वाढलेली दिसली, तर जुळीला पुन्हा डोस देऊन बघता येईल. त्यानंतर मात्र ऑपरेशनला फार दिवस झालेले असतील. मग औषध देऊन उपयोग नाही." मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "पण यांचं पडणं थांबलं पाहिजे."

"मी एकदाबी पडल्याली न्हाई," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण, शेजारची मंडळी, पंगत. माझ्यासाठी टेबलावर एकटं ताट मांडलं होतं. मी म्हटलं, गौरीपुढं मी टेबलावर जेवणार नाही, माझी शेवटची गौर असली तर मुळीच नाही. हे वाक्य बरोबर लागू पडलं. धैर्यशीलनं स्वतः पाट मांडला. मी भिंतीला धरून वाकले आणि शेवटचा टप्पा नेहमीसारखी धपकन बसले.

त्याच्या खिशात फोन कोकलला.

त्यानं काढून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मी समोर मांडी घालून पोळीवर तूप घेत होते.

"काय म्हणतोय?" गौतमीनं विचारलं.

"आई पडली म्हणतोय."

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. "मग उचला की मला," मी म्हटलं. "पण पोळी खाऊ द्या आधी."

शेजारच्या बायका हसल्या. धैर्यशील हसला नाही. त्याचा हात ताटात तसाच राहिला. पालक, कपड्यांच्या घड्या, देवासमोरची सकाळची बैठक, एकेक फोन त्याला आठवत असणार. हे यंत्र ज्या देशांत शिकलं, तिथली म्हातारी माणसं खुर्चीत बसतात, जमिनीला टेकतात ती पडल्यावरच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की जगात भुईवर बसून जेवणारी, निवडणारी, भांडणारी माणसंही आहेत.

"आई..." तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि माझेही आले, पण मी ते पुरणाच्या वाफेवर ढकललं.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. जेवण झालं, सगळे उठले आणि मी उठायला गेले. गुडघा उभा केला, हात जमिनीला टेकला, जोर लावला. काही झालं नाही. परत लावला. मांड्या माझ्या असून माझं ऐकत नव्हत्या. शेवटी धैर्यशीलनं आणि गौतमीनं काखेत हात घालून मला उचललं. यंत्र आधी खोटं बोललं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते खरं केलं होतं.

त्या दिवशी मला जो राग आला, त्यावर मी पुढचा महिना जगले.

मुजावर मॅडमना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि लगेच जुळी बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं: तक्रार मिळाली, तपास चालू आहे.

"तपास होईल तवा हुईल," मी म्हटलं. "मला उठायला शिकवा."

"शिकवते. पण माझ्या अटींवर. ताप असला, पातळ जुलाब झाले, चक्कर आली किंवा रक्तातल्या पेशी कमी आल्या, तर त्या दिवशी व्यायाम नाही. करताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना इतका दम लागला तर थांबायचं. आणि शेजारी कुणीतरी हवंच."

"उचलायला?"

"उभं राहायला. हात द्यायचा नाही, तुम्ही मागितल्याशिवाय."

ही शेवटची अट माझ्यापेक्षा माझ्या मुलाला जड गेली.

गौतमीनं घरातले आणि शेजारपाजारचे पाट गोळा केले आणि भिंतीजवळ एकावर एक रचून दोरीनं घट्ट बांधले. खुर्चीएवढा उंच ढीग झाला. त्याच्यावर बसायचं आणि उठायचं. जमायला लागलं की वरचा एक पाट काढायचा आणि जमिनीच्या तेवढं जवळ जायचं. त्याशिवाय भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, पाण्यानं भरलेला तांब्या खांद्यापर्यंत न्यायचा, आणि अंगणातून फाटकापर्यंत चालायचं. जेवणात डाळ, दही, शेंगदाण्याचं कूट वाढलं. मांस नुसत्या हालचालीनं चढत नाही, त्याला घालावंही लागतं.

उठायच्या आधी मी "डबल" म्हणायची. एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर कितीही तापट असो, डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही. माझ्या मांड्यांनाही मी तेच सांगितलं.

धैर्यशील समोर उभा राहायचा. मी डगमगले की त्याचे हात पुढं यायचे. मी डोळे वटारले की मागं जायचे. शेवटी त्यानं पाठीमागं एका हातानं दुसरं मनगट धरून उभं राहायला सुरुवात केली.

"बघवत न्हाई तर आत जा," मी एकदा म्हटलं.

"बघवत नाही," तो म्हणाला. "पण बघतो."

सोपं नव्हतं. एकदा पाटावरून घसरले आणि माकडहाड ठेचलं. एकदा रक्ताच्या तपासणीनं मला अंथरुणाला खिळवलं आणि मी गौतमीवर उगाच खेकसले. एक दिवस नुसती रडले, कारण आदल्या दिवशी जमलेला पाट त्या दिवशी जमेना. पण ढीग खाली येत गेला. नवरात्राच्या तोंडावर शेवटचा पाट उरला, मग तोही काढला. मी जमिनीवर बसले, डावा गुडघा टेकला, उजवा उभा केला, त्याच्यावर दोन्ही हात रोवले, "डबल" म्हटलं आणि उठले. दिसायला मुळीच चांगलं नव्हतं. म्हैस चिखलातून निघते तसं होतं. पण उभी राहिले. गौतमीनं घर दणाणेल अशी टाळी वाजवली.

बैठकीच्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मुजावर मॅडम दारातच भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"जुळी अजून तशीच आहे. मांडीची ताकद वाढलेली दिसते, पण या महिन्यात तुम्ही सारख्या पडल्यात असं यंत्र म्हणतंय."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. शेवटच्या खालच्या पाटांवर, जमिनीवर, मी जितक्या वेळा बसले, तितक्या वेळा ते मला पडलेली धरत होतं. मी जितकी मेहनत केली, तितकी माझी जुळी मरत होती.

"समितीला मी सांगून पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणतात, कंपनीचा अहवाल आल्याशिवाय आम्ही नोंद बदलू शकत नाही."

"त्यांनी मला बघितलंय का?"

"नाही. ते पडद्यावर बघतात."

आत दाराआड समिती बसली होती. बाहेरच्या हॉलमध्ये आम्ही, मांडीला पट्ट्या लावलेली म्हातारी माणसं, खुर्च्यांवर ओळीनं बसलेलो. शेजारी यशवंत पोरे होते, जयसिंगपूरचे शिंपी. दुसऱ्या डोसाच्या वेळी त्यांच्या चष्म्याचं घर खाली पडलं होतं. ते उचलायला ते उकिडवे बसले आणि सगळ्या हॉलभर भोंगा वाजला. दवाखान्याचा नियम असा, की आवारात कुणी पडलं तर डॉक्टरनं जातीनं येऊन बघितल्याशिवाय भोंगा बंद होत नाही. दोन डॉक्टर धावत आले होते आणि पोरे ओशाळून चष्मा पुसत बसले होते. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता मला त्याच्यात हसण्यासारखं काही दिसेना.

मी उठले, हॉलच्या मधोमध गेले आणि खाली बसले. मांडी घालून, ऐसपैस.

भोंगा सुरू झाला.

"शालनताई, काय करतायसा?" पोरे ओरडले.

"बसलीया. तुमी पण बसा."

"मला?"

"पंगतीला बोलवायला अक्षता पाठवू व्हय?"

पोऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, समितीच्या दाराकडं बघितलं. त्यांच्या हातातही ते हिरव्या अक्षरांचं कार्ड होतं. ते त्यांनी खिशात कोंबलं आणि खुर्चीला धरून माझ्या शेजारी येऊन टेकले. भोंग्याचा आवाज वाढला. मग कवठेमहांकाळच्या एक आजी आल्या. मग आणखी कुणी. ज्यांना खाली बसवेना ते खुर्चीवरूनच "बसा, बसा" म्हणत होते. बघता बघता पंगत धरली. नर्स कानांवर हात ठेवून पळत होत्या, आणि धैर्यशील मागं मनगट धरून उभा होता.

दार उघडलं. समितीचे गृहस्थ बाहेर आले, चष्म्यातून हॉलभर बघत. त्यांच्या हातातल्या पडद्यावर लाल ठिपके पेटलेले.

"इतके लोक पडले कसे?"

"पडलं कोण?" मी म्हटलं. "साहेब, नीट बघा. ह्याला बसणं म्हणत्यात. तुमच्या आईलाबी येत असंल."

कुणीतरी हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत. "तुम्ही उठा आधी. इजा होईल."

"उठते की. म्हणूनच बसलीया." मी गुडघा टेकला, दुसरा उभा केला, हात रोवले. भोंगा चालूच होता. दवाखान्याची फरशी गुळगुळीत, घरच्यासारखी नव्हती. एक क्षण मला खरंच वाटलं की नाही जमणार, आणि हे सगळे मला बघणार. धैर्यशीलकडं बघितलं. त्याचे हात मागंच होते, पण त्याचे ओठ हलले. तो "डबल" म्हणत होता.

मी उठले.

मुजावर मॅडम पुढं झाल्या. "डॉक्टरनं जातीनं बघितल्यावर नोंद बंद करायची, हा नियम आहे ना सर? मी बघितलंय. तुम्हीही बघितलंय. आता या पडल्या असं कोण लिहिणार?"

त्या गृहस्थांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

माझ्या सगळ्या पडण्याच्या नोंदी त्या दिवशी हातानं खोडल्या गेल्या, आणि दुपारी जुळीला पुन्हा डोस दिला. ती तगली. मला जरा कमी मात्रेत डोस मिळाला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोऱ्यांची जुळी परत चालवून बघितली, तिला नाही झेपलं. ते गेले तेव्हा मी जयसिंगपूरला जाऊन त्यांच्या बायकोशेजारी भुईवर बसले. त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही. राग अजून आहे आणि मला तो घालवायचा नाही.

कंपनीचा अहवाल थंडीत आला. यंत्राला बसणं आणि उठणं या दोन गोष्टी नव्यानं शिकवल्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

माझी चुकार पेशी मेली का जगली, कुणाला माहीत नाही. शेवटच्या डोसानं मला चांगलंच लोळवलं. पण घरातली कॉट मी विकायला लावली आणि पालकाची टोपली परत मिळवली.

परवा दुपारी मी मेथी निवडत बसले आणि उठायला गेले तर उठवेना. अंगात कणकण होती. म्हटलं, बसू या जरा. तेवढ्यात धैर्यशील घरी आला. त्याच्या फोनवर निरोप गेला होता: शालन चौगुले खाली बसल्या आहेत. दुसरा निरोप बराच वेळ आला नव्हता.

पडलीस का, असं त्यानं विचारलं नाही. बूट काढले, माझ्या समोर मांडी घातली आणि अर्धी जुडी ओढून निवडायला लागला. त्याला निवडता येत नाही. देठंच जास्त ठेवली. ऑफिसातल्या गमतीजमती सांगत राहिला. मेथी संपली. मी "डबल" म्हटलं, दोन्ही हात गुडघ्यावर रोवले आणि दुसऱ्या खेपेला उभी राहिले. त्याच्या खिशात फोन वाजला. उठल्या आहेत.

तो मात्र तसाच बसून होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, सगळा जन्म खुर्चीत गेलेला. त्यानं एक गुडघा उभा केला, परत खाली ठेवला आणि कसनुसं हसला.

"आई, हात दे की."

मी दिला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले.